सांधणी

सोमवारी मी फळ्यावर आठवडा लिहायची,
अठ्ठेचाळीस माग, तीन पाळ्या, निळी शाई.
मंगळवारी दुपारी शेठ फोन कानाला लावूनच केबिनबाहेर यायचे
आणि हॉटेलवाल्यांना पांढऱ्याऐवजी राखाडी टॉवेल हवा असायचा.
मी फडकं घ्यायची.

अक्कलकोट रोडला आमचा कारखाना,
एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीमागं तिसरा.
वर्षात तीन सॉफ्टवेअर आली.
पहिल्यात मागांना नंबर होते, दुसऱ्यात रंग,
तिसऱ्याला आमचे माग दिसायचेच नाहीत
नेट गेलं की.
पुण्याहून आलेल्या निरंजन सरांनी
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या.
एप्रिलच्या झळांत त्या एकेक गळल्या.
झाडणाऱ्या बालम्मानं विचारलं,
"हे ठेवायचं का टाकायचं?"
कुणालाच सांगता आलं नाही.

बदलाला माझी ना नव्हती.
बदल आमच्या घरी पाटावर बसून जेवतो:
आजोबांची गिरणी गेली, वडिलांचा हातमाग गेला,
आई विड्या सोडून युनिफॉर्मच्या शिलाईला लागली.
माझा राग फडक्यावर.
पुसलं की अर्धवट विणलेलं
कुणाचंच नसायचं.
मागापाशी माणसं उभी, हाताची घडी घालून,
आणि मी लिहितेय नवा आठवडा,
तोच, दुसऱ्या शाईत.

अकरा नंबरचा भीम संपला त्या रात्री
राजमल्लू इराबत्ती मागाच्या पोटात शिरून बसला होता,
मांडीशी राखेची वाटी.
नवा ताणा आला म्हणून जुना ओढून फेकत नाही तो.
फणीत अडकलेला वीतभर जुना धागा तसाच ठेवतो,
त्याच्या टोकाला नव्याचं टोक,
राखेच्या बोटांत एक पीळ,
पुढचा.
चोवीसशे धागे.
मी म्हटलं, "मामा, सगळं काढून नव्यानं भरलं तर?"
"आगम्मा," म्हणाला, थांब पोरी,
"भरायला दोन दिवस जातील.
आन् वाट जुन्यालाच ठावं असती."
असं मोठं बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.
लगेच चुना मागितला.

पुढच्या मंगळवारी शेठ बाहेर आले
आणि मी फडकं घेतलं नाही.
आधी मागामागावर जाऊन विचारलं, भीमावर किती उरलंय?
उरलंय तेवढं विणून होऊ दे, त्यालाच राखाडी सांधू.
फळ्यावर चार चौकटी कोऱ्या सोडल्या.
"रिकामा माग म्हणजे तोटा, शाळेतल्या पोराला कळतं," शेठ म्हणाले.
"रिकामा नाही. आगम्मा आहे."
ते हसले नाहीत.

सकाळची दहा मिनिटं, चहाआधी,
ज्याचं जे अडलंय तेवढंच सांगायचं.
पहिला आठवडा सगळे चपलांकडं बघत होते.
दुसऱ्यात बालम्मा बोलली,
सात नंबरखाली तेल रोज गळतंय,
दोन वर्षं पुसतेय.
दोन वर्षं.

जूनमध्ये त्या कोऱ्या चौकटींनी एक कंटेनर वाचवला.
जुलैत त्यांच्यापायीच एक ऑर्डर गेली.
पाहुण्यांना शेठ फक्त जून सांगतात.

दिवाळीनंतर गाठी मारायचं मशीन आलं.
चोवीसशे धागे, पाऊण तासात.
मागणीचा कागद मीच लिहिलेला.
आता राजमल्लूचं नाव कुठं लिहावं कळेना,
निळी पेन्सिल धरून उभी राहिले,
शिकवलेलं सगळं विसरून.
तो आला. फळा वाचता येत नाही त्याला.
राखेचं बोट कोऱ्या चौकटीवर टेकवलं.
"हितं."

हल्ली पाळी सुरू होण्याआधी तो फिरतो,
ताण्यावरून तळहात नेतो,
संध्याकाळपर्यंत कुठला तुटेल ते सांगतो,
कधी चुकतोही.
सॉफ्टवेअरमध्ये याला रकाना नाही.

त्या चौकटीत शाई अजून नीट उठत नाही.
मी पुसून बघितलेलं नाही.